विदर्भाच्या उन्हात डबल बासची राळ

नवे केस बसवलेला गज राळ न लावता डबल बासच्या तारेवर ओढून पाहावा. गज सरळ पुढे निघून जातो, तार जवळजवळ जागची हलत नाही आणि कानावर येते ती नुसती पुसट खसखस. त्याच केसांवर नीट राळ चढवली की तीच तार खोलीभर घुमू लागते. घोड्याचे गुळगुळीत केस आणि जाड तार यांच्यात पकड निर्माण करण्याचे सगळे काम ही राळ करते. वादक तिला रोझिन म्हणतात. माणसापेक्षा उंच असलेल्या या वाद्याचा सूर मुठीत मावणाऱ्या एका वडीवर अवलंबून असतो.

ही वडी घेताना बहुतेक जण आधी विचारतात की चांगला ब्रँड कोणता. मला वाटते, निदान वर्ध्यात तरी पहिला प्रश्न वेगळा हवा: ही वडी कोणत्या तापमानात वापरायची आहे? मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जिथे तो १० अंशांच्या आसपास उतरतो, त्या जिल्ह्यात एकच राळ वर्षभर सारखी वागत नाही. स्टॉकहोममधल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या वादकाने दिलेला सल्ला त्याच्या खोलीपुरता खरा असतो. आपल्या खोलीसाठी निवड आपल्यालाच करावी लागते, आणि ती करायची तर राळ नेमके काय करते हे आधी समजून घ्यायला हवे.

वर्ध्यात डबल बास सहसा पाहायला मिळत नाही. महाराष्ट्रात त्याचे घर म्हणजे मुंबई. तिथे तो चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत वाजला आणि २००६ साली एनसीपीए या कलाकेंद्रात स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासारख्या वाद्यवृंदात आजही वाजतो. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेले, तेव्हा वाद्यवृंद संचालनाबरोबर त्यांनी डबल बासचेही शिक्षण घेतले होते. पण गजाची वाद्ये आपल्या भागाला परकी नाहीत. वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळपासून आदिलाबादपर्यंतच्या गोंड मुलखात परधान गायक किकरी वाजवत पूर्वजांच्या कथा गात आले आहेत, आणि व्हायोलिन शिकणारी मुले तर गावोगावी आहेत. डबल बासच्या निमित्ताने राळेबद्दल जे कळते, ते या सगळ्यांच्या उपयोगाचे आहे.

तार धरायची आणि सोडायची

गज तारेवर सरकत जातो असे आपल्याला दिसते. प्रत्यक्षात केस तार धरतात, थोडी बाजूला ओढून नेतात, ताण असह्य झाला की तार सुटते, सर्रकन मागे येते आणि पुन्हा धरली जाते. डबल बासची सर्वांत खालची तार ई सुराची असते. तिची कंपने सेकंदाला सुमारे ४१. म्हणजे एका सेकंदात ही धरसोड ४१ वेळा होते. एक फेरा साधारण २४ मिलिसेकंदांचा. गज तारेच्या लांबीच्या एक दशांश अंतरावर, घोडीच्या बाजूला लावला असेल, तर त्यातले जवळपास २२ मिलिसेकंद तार केसांना चिकटून असते आणि फक्त अडीचेक मिलिसेकंद घसरते.

तारेची ही चाल जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी सूक्ष्मदर्शकातून टिपली आणि १८६३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडली. तिचे सविस्तर गणित मात्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केले. या कामाच्या सुरुवातीला रामन सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. या नोकरीत १९१० च्या सुमारास त्यांची काही काळ आपल्या शेजारच्या नागपूरला बदली झाली होती. पुढे कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी १९१८ साली गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवरचा प्रबंध प्रसिद्ध केला. ज्या प्रकाश-परिणामाने त्यांना नोबेल मिळाले, त्याच्या दहा वर्षे आधीचे हे काम आजही या विषयाचा पाया मानले जाते. माणसाच्या हातातला कमीजास्तपणा टाळण्यासाठी त्यांनी व्हायोलिन वाजवणारे एक यंत्रही बनवले. त्यात गज स्थिर असे आणि व्हायोलिन पुढेमागे सरके. गजाचा दाब, वेग आणि घोडीपासूनचे अंतर यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे त्यांनी या यंत्रावर मोजले.

चांगल्या राळेकडून काय हवे, ते यातून स्पष्ट होते. तिने तार घट्ट धरायला हवी आणि वेळ आली की झटकन सोडायलाही हवी. ज्या राळेला नुसते धरणे येते ती निरुपयोगी, आणि जिला नुसते सोडणे येते तीही निरुपयोगी.

हे धरणे-सोडणे घडते कसे, याचे समाधानकारक उत्तर मात्र अलीकडचे आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या स्मिथ आणि वुडहाउस या संशोधकांनी २००० साली राळेच्या घर्षणावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसले की या खेळाचे सूत्र उष्णतेच्या हाती आहे. तार घसरते तेव्हा घर्षणाने राळेचा अतिशय पातळ थर क्षणभर तापतो आणि मऊ पडतो, म्हणून घसरणे सोपे होते. तार पुन्हा केसांबरोबर चालू लागली की तो थर निवतो, घट्ट होतो आणि पकड परत येते. ई तारेवर हे तापणे-निवणे सेकंदाला ४१ वेळा चालते. राळ आधीच खोलीच्या उष्णतेने मऊ पडलेली असेल, तर निवून घट्ट व्हायला तिला वावच उरत नाही. वर्ध्यातल्या वादकाने राळ निवडताना आधी खोलीच्या तापमानाकडे का पाहावे, याचे शास्त्रीय कारण हे आहे.

राळ कशाची, मऊ कशाने

गजाची राळ पाइन जातीच्या झाडांपासून मिळते. भारतात ती मुख्यतः हिमालयातल्या चीड वृक्षाच्या चिकापासून बनते. हिमाचल प्रदेशात नाहन आणि बिलासपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. खोडाला खाच पाडून चीक गोळा करतात आणि तो उकळून टर्पेंटाइन वेगळे काढतात. मागे उरते ती राळ. तिच्यातला मुख्य घटक अबिएटिक आम्ल. रेडिओ दुरुस्त करणारे डाख देताना जो पिवळा पारदर्शक खडा वापरतात, तो हाच पदार्थ.

राळ हा स्फटिक नाही. बर्फासारखा तिला ठरावीक वितळणबिंदू नसतो. काचेप्रमाणे ती थंडीत ठिसूळ असते आणि उष्णता वाढेल तशी हळूहळू नरम होत जाते. साधी राळ साधारण ७० ते ८० अंशांना पुरती मऊ होते, पण त्याच्या बरेच आधी तिचा ठिसूळपणा कमी होऊ लागतो. वाद्यांसाठी वडी बनवणारे कारागीर तिच्यात तेल, मेण किंवा इतर राळा कमीअधिक मिसळून ही मऊ होण्याची पातळी खाली आणतात. व्हायोलिनच्या वडीत अशी भर कमी, चेलोच्या वडीत थोडी जास्त आणि डबल बासच्या वडीत सर्वांत जास्त.

बासला इतकी मऊ राळ लागते ती तारेच्या वजनामुळे. व्हायोलिनच्या तारेची वाजणारी लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, बासची १०५ ते ११० सेंटिमीटर. बासची तार कितीतरी जाड आणि जड असते. तिला ओढून न्यायला व्हायोलिनची राळ अपुरी पडते. गज शिट्टीसारखा आवाज करतो, खालचा सूर उठतच नाही. उलट बासची राळ व्हायोलिनला लावली तर केस तार सोडायला तयार होत नाहीत आणि सूर खरखरतो. एकाची वडी दुसऱ्याला चालवून घेऊ नये.

इथे एक प्रश्न साहजिक येतो. विदर्भाच्या जंगलात सालई आहे, धावडा आहे. त्यांचा चीक गजाला चालेल का? धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो. म्हणजे तो हवेतला ओलावाही शोषणार आणि पावसाळ्यात केसांचा चिकट गोळा करणार. सालईच्या चिकात राळ असते, पण तिच्याबरोबर डिंक आणि सुगंधी तेलही असते. ते वेगळे न काढता हा चीक गजावर चालणार नाही. गजाला पाण्यात न विरघळणारी शुद्ध राळच हवी. हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळणारी राळही टाळावी. ती बासला फार कडक पडते आणि तिच्यात साल-कचऱ्याचे कण असू शकतात. ती घरी वितळवून तेल-मेण मिसळण्याचा उद्योग तर करूच नये. तापलेली राळ पटकन पेट घेते आणि तिचा धूर छातीला बाधतो.

बाजारातल्या वड्या

डबल बासच्या वड्या मऊपणाच्या क्रमाने लावल्या की निवड बरीच सोपी होते. सर्वांत मऊ टोकाला अमेरिकेची पॉप्स. ताजी असताना तिची पकड जबरदस्त असते, पण उष्णतेत ती अक्षरशः वाहते. वडी आडवी-तिडवी ठेवली तर डबीबाहेर ओघळून येते. मधल्या टप्प्यात स्वीडनची कार्लसन, जगभरच्या वाद्यवृंदांत भरपूर वापरली जाणारी. तिच्याहून कडक, स्वीडनचीच निमन. अमेरिकेच्या कोल्स्टाइनने एकाच वडीचे तीन प्रकार केले आहेत: मऊ, सर्व हवामानांसाठी आणि कडक. पिरास्त्रो आणि हायडरसाइन यांच्याही बाससाठी वेगळ्या वड्या आहेत.

मात्र वेष्टनावरचे ‘मऊ’ आणि ‘कडक’ हे शब्द साधारण २० अंशांच्या खोलीत राहणाऱ्या माणसांनी लिहिलेले आहेत. त्यांच्या हिवाळ्यात जी वडी जेमतेम पकड देते, तीच आपल्या नवतपात गुळाच्या पाकासारखी चिकट होते. म्हणून एक ढोबळ नियम सांगता येतो: युरोपातला वादक आपल्या खोलीत जी वडी वापरतो, तिच्यापेक्षा एक पायरी कडक वडी वर्ध्याच्या उन्हाळ्यात घ्यावी.

रंगावर फार विसंबू नये. गडद राळ मऊ आणि फिकट राळ कडक असे सर्रास म्हटले जाते. बऱ्याचदा ते खरेही निघते, पण रंग हा चिकाच्या प्रकारावर आणि तो किती तापवला यावर ठरतो. सोने-चांदीची पूड घातलेल्या महागड्या वड्याही मिळतात. ज्याला खालची ई तार स्वच्छ वाजवायची आहे, त्याने आधी मऊपणा जुळवावा. त्या पुडीचा विचार त्यानंतरही करता येईल.

वर्ध्याचे तीन ऋतू

उन्हाळ्यात, म्हणजे मार्चअखेरपासून मृग लागेपर्यंत, कडक वडी वापरावी: निमन किंवा कोल्स्टाइनची कडक. राळ थोडीच लावावी. या दिवसांत घराघरांत कूलर चालू असतो आणि तो गजावर दुहेरी परिणाम करतो. बाहेरची कोरडी हवा केस आखडवते, कूलरची ओलसर हवा त्यांना सैल करते. कूलरसमोर ताणलेला गज तसाच ठेवून कूलर बंद केला, तर तासाभरात केस आखडून काडीवर ताण येतो आणि एखादे वेळी काडीचे टोक तुटण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. वाजवून झाले की स्क्रू फिरवून केस सैल करायचे, ही सवय विदर्भात जीव तोडून पाळावी. कूलरच्या थेट झोतात बसून सरावही करू नये.

पावसाळ्यात तापमान उतरते पण हवा ओली होते. राळ स्वतः पाणी शोषत नाही, केस शोषतात. ते लांबतात, गज पिलपिलीत वाटतो, आणि वादकाला वाटते की राळ कमी पडली. मग तो आणखी राळ चढवतो आणि सूर आणखी बिघडतो. आधी केसांचा ताण तपासावा, मग राळेकडे वळावे. या काळात मध्यम वडी पुरते: कार्लसन किंवा सर्व हवामानांची कोल्स्टाइन.

हिवाळा हा वर्ध्यातल्या गजवादकाचा सर्वांत सुखाचा काळ. दिवसा मध्यम वडी उत्तम चालते. उघड्या मंडपात रात्रीचा कार्यक्रम असेल तर हवा गार पडते आणि राळ ठिसूळ होते. अशा वेळी मध्यम राळेच्या थरावर मऊ राळेचा एखाद-दुसरा हात फिरवावा. असा दुहेरी थर जगभरचे वादक वापरतात. पॉप्ससारखी मऊ वडी आपल्याकडे कामाची ठरते ती याच दिवसांत.

ज्याला एकच वडी परवडते, त्याने मध्यम घ्यावी आणि ऋतूप्रमाणे तिचे प्रमाण बदलावे. खरेदी हिवाळ्यात करावी. मुंबईहून किंवा परदेशातून एप्रिल-मे महिन्यात मागवलेली मऊ वडी मालगाडीत आणि गोदामात तापून बेडौल होऊन पोचते. एकदम साठाही करू नये, कारण मऊ वड्यांतली तेले काळाबरोबर कमी होतात आणि त्या कडक होत जातात.

गज काय सांगतो ते ऐकावे

निवड बरोबर झाली की नाही, हे ठरवायला ई तार पुरेशी आहे. ती मोकळी ठेवून गज टाचेपासून टोकापर्यंत संथ ओढावा आणि लक्ष सुराच्या आरंभाकडे द्यावे.

सूर उशिरा उठत असेल, आधी हवेसारखा आवाज येत असेल किंवा मध्येच शिट्टी फुटत असेल, तर पकड कमी आहे. राळ कडक पडली आहे किंवा अपुरी आहे. तारेखाली पांढऱ्या भुकटीचा सडा पडत असेल तर ती ठिसूळ आहे, केसांवर टिकत नाही. याउलट सूर उठताना करकर होत असेल, गजाची दिशा बदलताना धक्का बसत असेल, छोटे उडते आघात चिकटत असतील आणि तारेवर बोट फिरवल्यावर मेणचट थर लागत असेल, तर राळ फार मऊ आहे किंवा फार झाली आहे. चित्रपटसंगीत किंवा जॅझ वाजवणाऱ्याने या थराकडे विशेष लक्ष द्यावे. तोच बोटांनीही तार छेडतो आणि चिकट तारेवर बोट अडते.

तारांचाही विचार करावा. वाद्यवृंदाच्या जाड तारांना जास्त पकड लागते. एकलवादनासाठी एक स्वर वर लावायच्या तारा बारीक असतात, त्यांना थोडी कडक राळ मानवते. केस काळे असतील तर ते पांढऱ्यांपेक्षा खरखरीत असतात, मग राळेचा मऊपणा थोडा कमी चालतो. आणि केस वर्षभराहून जुने, झिजलेले असतील, तर जगातली कोणतीही वडी त्यांना तारुण्य देऊ शकत नाही. आधी केस बदलावेत.

दोन वड्यांची तुलना करताना घाई नको. पहिल्या राळेचा थर केसांत राहतोच, त्यामुळे नव्या वडीचा खरा स्वभाव कळायला काही दिवसांचा नेमाने केलेला सराव लागतो. नवे केस बसवल्यावर नवी वडी सुरू करणे सर्वांत चांगले.

लावणे आणि जपणे

बासची मऊ राळ व्हायोलिनसारखी पुढे-मागे घासू नये. गज टाचेकडून टोकाकडे, एकाच दिशेने, न थांबता ओढावा. मध्ये थांबलात तर केस वडीला चिकटतात आणि तुटतात. रोजच्या सरावाला असे तीन-चार हात पुरे. प्रत्येक वेळी वडी थोडी फिरवावी, म्हणजे एकाच जागी चर पडत नाही. वडी तिच्या कागदी किंवा प्लास्टिकच्या वाटीतच, सपाट ठेवावी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवू नये. फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरते. घरातल्या आतल्या खोलीचा खालचा कप्पा पुरेसा गार असतो.

सराव संपला की तारा आणि वाद्याचा पोटाकडचा भाग कोरड्या सुती फडक्याने पुसावा. खादीचे जुने, मऊ झालेले कापड याला फार चांगले. पडलेली भुकटी उन्हाळ्यात वॉर्निशवर चिकटून बसते आणि नंतर निघता निघत नाही. स्पिरिटने पुसण्याचा मोह टाळावा, कारण ते राळेबरोबर वॉर्निशही विरघळवते. काही जणांच्या कातडीला राळेची ॲलर्जी असते. बोटांना खाज किंवा लाल चट्टे दिसले तर वाजवणे थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

या सगळ्यात एक काम मात्र कोणताही कारखाना आपल्यासाठी करणार नाही. वडीवर छापलेल्या सूचनांत विदर्भाचा उन्हाळा नाही, कूलर नाही, जुलैची ओल नाही. ती माहिती इथल्या वादकांनीच लिहून काढायला हवी. एका वहीत तारीख, खोलीचे तापमान, हवेतली ओल, कोणती राळ, किती हात आणि ई तारेचा सूर कसा उठला, एवढे सहा रकाने आखावेत. डबल बासवाल्याने हे करावेच, पण व्हायोलिनच्या प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्यांकडूनही करून घ्यावे. रामन यांनी कलकत्त्यात स्वतः बनवलेल्या यंत्रावर दाब आणि वेग मोजून या विषयाचा पाया घातला. वर्ध्यातल्या वादकाला तापमापक आणि वही पुरेशी आहे. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी एकत्र आल्या, तर पुढच्या विद्यार्थ्याला राळ निवडताना परदेशी सल्ल्याच्या आधारे अंदाज बांधत बसावे लागणार नाही.